बदामच्या दोन नव्व्या

लग्न होऊन अमरावतीला आल्याच्या तिसऱ्या दिवशी शांताआत्यांनी मला पत्ते खेळायला बसवलं आणि पहिल्याच डावात माझं बोट पकडलं. हातावरची मेंदी अजून गडद होती, मनगटात हिरवा चुडा होता आणि बोटाखाली किल्वरचा गुलाम होता. मी तो टाकला होता. टाकल्याबरोबर चूक कळली आणि परत उचलायला गेले, तर आत्यांची तर्जनी त्या पानावर येऊन बसली.

"टाकलं पान उचलायचं नाही, माधुरी."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसून पान ओढलं, पण ते हललं नाही. आत्याही हसत होत्या, नव्या सुनेकडे कौतुकानं बघत होत्या, पण बोट काही उचलत नव्हत्या. शेवटी मी हात मागे घेतला, तो गुलाम गेला, त्याच्यामागे डाव गेला, आणि नव्या घरात आल्या आल्या मी हरले. माझा नवरा सुधीर खाली मान घालून पत्ते पिसत होता. त्याच्याशी हे बालपणापासून होत आलेलं होतं.

मी अकोल्याची. आमच्या घरात खेळ म्हणजे नुसता कल्ला. टाकलेलं पान तीनदा उचललं तरी कोणाला काही वाटायचं नाही, लहान मुलांना जिंकू द्यायचं, पाहुण्यांना तर हरवायचंच नाही. आणि खुणा. माझ्या आई-बाबांच्या खुणा हा एक स्वतंत्र विषय आहे. बाबांचं शिलाईचं दुकान होतं आणि दिवसभर दुसऱ्यांची मापं नेमकी घेणारा हा माणूस पत्त्याला बसला की कुठलंच माप पाळायचा नाही. कानाच्या पाळीला हात लावला की बदाम, चष्मा वर केला की इस्पिक, खोकला म्हणजे एक्का माझ्याकडे. आई पदर सारखा करून उत्तर द्यायची. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांशी जेवढं बोलून सांगितलं नसेल तेवढं मेंढीकोटात खुणांनी सांगितलं असेल. त्यात चोरी आहे असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं.

ज्यांना मेंढीकोट ठाऊक नाही अशी माणसं वऱ्हाडाबाहेर असतात असं ऐकून आहे, म्हणून थोडक्यात सांगते. चार जण, समोरासमोरच्या दोन जोड्या, तेरा-तेरा पानं. दश्शीला मेंढी म्हणायचं. चार मेंढ्यांपैकी तीन ज्या जोडीनं खाल्ल्या तिचा डाव. उतारी ज्या रंगाची तोच रंग टाकायचा. तो रंग आपल्याकडे नसला तरच हुकमानं कापायचं. आणि रंग असून कापलं तर पुढचं काही न बघता डाव गेला. हे शेवटचं वाक्य बहुतेक घरांत नुसतं बोलायचं असतं. आत्यांच्या घरात ते पाळायचं होतं.

शांताआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. सासू-सासरे लवकर गेले, सुधीरला आत्यांनीच वाढवलं. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र लावून लोकांचे नंबर जोडून देण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. त्यामुळे दोन गोष्टी त्यांच्याकडे कायमच्या राहिल्या. एक, कान. शेजारच्या खोलीत दुधाला पहिली उकळी फुटली की त्यांना इकडे कळायचं. दुसरी, आठवण. अमरावतीतल्या निम्म्या दुकानांचे जुने चार आकडी नंबर त्यांना पाठ होते आणि पत्ते खेळताना पडलेली बावन्नच्या बावन्न पानं पाठ असायची. डाव संपला की त्या डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून शेवटापर्यंत म्हणून दाखवायच्या, कोणत्या हाताला कोणी काय टाकलं ते. म्हणजे हरणाऱ्याला दोनदा हरावं लागायचं.

रविवारी दुपारी आमच्याकडे बैठक असायची. आत्या, सुधीर, मी आणि शेजारच्या नसीमभाभी. भाभींच्या घरचा बांगड्यांचा व्यवसाय. त्या यायच्या त्याच मुळी आधी हात जोडून. "शांताआपा के साथ खेलना है तो नहा-धो के, सबक याद करके आना पडता," असं म्हणायच्या आणि दर रविवारी न चुकता यायच्या. रमजानात आत्या बैठक बंद ठेवायच्या. भाभी म्हणायच्या, मला काही होत नाही, खेळू. तर आत्या म्हणायच्या, "उपाशी माणसाले हरवलं तर मोजता येत नाही." त्यांना प्रत्येक जिंकणं मोजता आलं पाहिजे असं वाटायचं.

माझं आणि त्यांचं खरं भांडण झालं ते माझ्या मुलीवरून. चिनू तेव्हा सहा वर्षांची होती. सापशिडीत अठ्ठ्याण्णववर पोचली आणि पुढच्याच नव्व्याण्णववरचा लांबलचक साप तिला गिळायला बसला. फासा पडला एक. चिनूचा ओठ थरथरायला लागला, तसं मी हळूच तिची सोंगटी एक घर पुढे सरकवली. आत्यांनी ती उचलून जागेवर ठेवली.

"लहान आहे हो ती," मी म्हणाले.

"साप वय विचारते का?"

चिनू रडली, मी रागावले, चिनूला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि सुधीरला सांगितलं की तुझी आत्या दगडाची आहे. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. अर्ध्या तासानं बाहेर आले तर दोघी पुन्हा खेळत होत्या. चिनू दोनदा हरली आणि तिसऱ्यांदा जिंकली. ती जिंकली तेव्हा आत्यांनी तिला उठून नमस्कार केला. खरोखरचा, वाकून. त्या नमस्कारासाठी ती पोरगी पुढे वर्षभर जीव तोडून खेळत राहिली.

त्याचा परिणाम अकोल्याला दिसला. बाबा नातीशी लुडो खेळत होते आणि सवयीप्रमाणे स्वतःची सोंगटी मागे ठेवत होते. चिनूनं त्यांचा हात धरला. "आजोबा, चार पडले ना? मंग तीनच घरं काहून चालले?" बाबा म्हणाले, "अवं, तू जिंकावी म्हून." ती म्हणाली, "असं जिंकलेलं मोजत नसतात." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पोरीला शत्रूच्या शाळेत घातलं होतं.

खरं तर शत्रूच. बाबा आणि आत्या यांचं व्याह्यांचं नातं, वऱ्हाडात व्याह्याला इवाई आणि विहिणीला इहीन म्हणतात, पण दोघांमध्ये वार्षिक लढाई होती. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला जायचो आणि सकाळी मेंढीकोट व्हायचा, तीन डावांचा. इकडून आत्या आणि सुधीर, तिकडून आई आणि बाबा. मी पंच नव्हते, मी चहा करायची. हरणाऱ्यांनी पौषात जिंकणाऱ्यांच्या घरी येऊन रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, करायचे, गोवऱ्यांच्या आरावर, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. नऊ वर्षं माझे आई-बाबा अमरावतीला येऊन रोडगे करत होते. बाबांचे डोळे धुरानं लाल व्हायचे आणि आत्या समोर खुर्ची टाकून विचारायच्या, "इवाईबुवा, तूप देऊ का अजून?"

कारण आत्यांपुढे खुणा चालत नव्हत्या. पहिल्याच वर्षी बाबांनी कानाला हात लावला आणि आईनं पदर सारखा केला, तेव्हा आत्या पत्त्यांवरून नजर न उचलता म्हणाल्या, "इहीनबाई, बांगड्या काढून बसा." आईला काही कळेना. आत्यांनी समजावलं, "इवाईबुवा कानाले हात लावते, तुमच्या बांगड्या वाजते. दोनदा वाजल्या म्हणजे बदाम. मी टेलिफोनात होती हो, मले आवाजाचं सांगू नका." आई इतकी लाजली की त्या दिवशी तिनं सगळी पानं चुकीची टाकली. बाबांनी पुढच्या वर्षी नव्या खुणा बसवल्या, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी नव्या. वर्षभर ते दुकानात मशीन चालवता चालवता खुणांचा विचार करायचे. आत्या दरवर्षी पहिल्या दोन-तीन हातांत त्या पकडायच्या आणि खूश व्हायच्या. बाबांनी खुणा सोडल्या असत्या तर त्यांना फार वाईट वाटलं असतं.

दहाव्या वर्षी मात्र बाबांनी ठरवलं की खूण नाही करायची, सरळ खेळायचं. मला फोनवर म्हणाले, "यंदा तिले सरळ हरवतो, पायच तू." आणि खरंच काय खेळले. पहिला डाव अकोल्याचा. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आई हसायला लागली ती थांबेचना. दुसरा डाव आमचा, जेमतेम. तिसऱ्या डावाला मी चहा गॅसवर विसरले. हुकूम बदाम. मेंढ्या दोन आमच्या, एक त्यांची, आणि चौथी चौकटची, ती कोणाकडे आहे ते कळत नव्हतं. शेवटची तीन-तीन पानं राहिली. बाबांनी चौकटचा राजा उतरवला, एक्का आधीच पडून गेला होता. सुधीरनं चौकटची पंजी टाकली. आईनं मेंढी ठेवली आणि बाबांनी हात पुढे केला, घ्यायला. मग आत्यांनी बदामची राणी ठेवली.

कापलं. तिसरी मेंढी आमची, डाव आमचा. सुधीर ओरडला, चिनू पलंगावर उड्या मारायला लागली, बाबांनी हातातली पानं टाकून दिली, सगळे पत्ते एकात एक मिसळले. आत्यांनी आपली उरलेली दोन पानं ढिगात सरकवली. बाबा म्हणाले, "सरळ खेळूनबी हरलो ना ताई. आता काय कराव माणसानं?" ते हसून म्हणाले, पण त्यांचा चेहरा मला बघवेना. मी त्यांची मुलगी, सून मी दुसऱ्या पक्षाची, त्या दिवशी मी कोणाच्या बाजूनं होते ते मला नीट सांगता येणार नाही.

जेवून दुपारच्या बसनं आम्ही निघालो. आत्या खिडकीशी. डोळे मिटून नेहमीप्रमाणे डाव परत म्हणत होत्या, ओठांतल्या ओठांत, बोटं मांडीवर एकेक हात मोजत होती. मूर्तिजापूरच्या अलीकडे बोटं थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा तिथेच थांबली.

"सुधीर," त्या म्हणाल्या, "तिसऱ्या डावात तू चौथ्या हाताले काय टाकलं होतं?"

"कापलं होतं ना. बदामची नव्वी. चांगली आपटून, नाव घेऊन टाकली होती."

"हो. मी ऐकलं." त्यांनी बोटांवर पुन्हा एकदा मोजलं. मग, "माझ्यापाशी शेवटी बदामची राणी होती, सत्ती होती अन् नव्वी होती."

"मंग?"

"एका कॅटमध्ये बदामच्या दोन नव्व्या असते का?"

मला कळायला वेळ लागला. सुधीरला लगेच कळलं, कारण त्याचा चेहरा उतरला. दोनपैकी एक नव्वी बदामची नव्हती. चौकटची होती, ती आत्यांच्या हातात होती, आणि बाबांनी चौकट उतरवली असताना आत्यांनी कापलं होतं. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली आणि आत्या उठल्या.

"उतरा."

कंडक्टर म्हणाला, "आजी, तुमचं अमरावतीचं हाये." आत्या म्हणाल्या, "मले अकोल्याले जायचं आहे. चूक झाली." तो म्हणाला, चुकीच्या गाडीत बसल्या का. त्या म्हणाल्या, नाही, गाडी बरोबर होती. सुधीर पिशव्या घेऊन मागे मागे सांगत होता, आत्या, फोन कर ना, दोन मिनिटांचं काम आहे. आत्या फलाटावर त्याच्याकडे वळल्या. "पस्तीस वर्षं मी लोकायले फोन जोडून देल्ले. कोणती गोष्ट फोनवर सांगायची नसते, ते मले माहीत आहे." आणि समोर उभ्या अकोल्याच्या गाडीत चढल्या. चिनूला ही सगळी गंमत फार आवडली. मला, खरं सांगते, राग येत होता.

बाबा बनियनवर दार उघडायला आले. आत्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, आत आल्याच नाहीत.

"इवाईबुवा, डाव तुमचा आहे. मी रंग असून कापलं. चौकटची नव्वी होती माझ्यापाशी."

बाबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मग ते अंगणात धावले. तसेच, बनियनवर. गल्लीत उभं राहून त्यांनी समोरच्या, बाजूच्या, सगळ्यांना सांगितलं की अमरावती हरली, दहा वर्षांनी हरली, खुद्द घरी येऊन सांगून राहिली. परत येताना कमरेवर हात ठेवून नाचले. सत्तरीला आलेला माणूस. सुधीरसुद्धा हसायला लागला. हसत नव्हती ती फक्त आई. ती आत्यांजवळ गेली आणि त्यांचा हात धरला.

"ताई," ती म्हणाली, "तुमी रंग असून कापणाऱ्या नाही. तुमाले दिसत नाही का?"

बाबा नाचायचे थांबले.

"लाल-काळं कळते," आत्या म्हणाल्या. "आकडा कळते. बदाम का चौकट, इस्पिक का किल्वर, ते नाही कळत. वर्ष झालं. डॉक्टर म्हणते मागचा पडदा गेला, ऑपरेशननं काही होत नाही. मी अंदाजानं खेळून राहिली होती. तुमी पानं टाकताना नाव घेता, ते ऐकून हिशोब लावायचा, उरलेलं आपलं. जमत होतं." मग म्हणाल्या, "डोळ्याचं जाऊ द्या. नव्वी पडल्याचं मी कानानं ऐकलं होतं. जिंकायच्या नादात डोक्यातून गेलं, त्याची लाज वाटते."

त्यांच्यासोबत एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. डाळ निवडताना ताट दारात का न्यायच्या, बसायला खिडकीचीच जागा का मागायच्या, डॉक्टरकडे एकट्याच का जायच्या, हे सगळं मी बघितलं होतं आणि काहीच बघितलं नव्हतं. मला माझीच फार शरम वाटली. त्या गप्प राहिल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं, आणखी दोन-तीन वर्षं त्या खेळत राहिल्या असत्या. हे त्यांना बसमध्येच कळलेलं होतं, मूर्तिजापूरच्या अलीकडे. तरी त्या उतरल्या.

"आता मी बसणार नाही," आत्या म्हणाल्या. "ज्याले रंग पाहता येत नाही त्यानं बसू नये. पौषात रोडगे करायले येतो आमी."

पुढचे दोन महिने आमच्या घरात फार वाईट गेले. पहिल्या रविवारी त्या बैठकीच्या बाजूला बसल्या आणि ऐकून ऐकून आमच्या चुका काढू लागल्या, "सुधीर, हुकूम संपले तुझे, उगाच ऐट करू नको." दुसऱ्या रविवारी तेही केलं नाही. तिसऱ्या रविवारी आतल्या खोलीत रेडिओ लावून पडून राहिल्या. नसीमभाभी आल्या, चहा प्यायल्या, म्हणाल्या, "आपा नहीं तो काहे का खेल," आणि उठून गेल्या. चिनूनं सापशिडी काढली तर आत्यांनी तिला सांगितलं की घरं दिसत नाहीत ग पोरी. मला तेव्हा त्यांचा तो करडा आवाज हवा होता, कोणीतरी माझ्या पानावर बोट ठेवायला हवं होतं. पत्त्यांचा कॅट कपाटात वर गेला.

पौषात ठरल्याप्रमाणे आम्ही अकोल्याला गेलो. आत्यांनी कणीक स्वतः मळली, रोडगे स्वतः वळले, अंगणात गोवऱ्यांचा आर करून त्यात स्वतः पुरले. हात लावू दिला नाही कोणाला. हरलेल्या माणसानं करायचं असतं म्हणाल्या. बाबा समोर खुर्ची टाकून बसले होते, नऊ वर्षं त्यांना ऐकावं लागलं ते म्हणायची संधी होती, पण तूप देऊ का असं एकदाही म्हणाले नाहीत. जेवणं झाली तसे आत गेले आणि एक नवा कॅट घेऊन आले.

"ताई, जरा पाहा." आणि मग घाईघाईनं, "नाही, पाहू नका. अंगठा फिरवा."

आत्यांनी एक पान घेतलं. अंगठा कोपऱ्यावर फिरवला. दुसरं घेतलं. तिसरं. बाबांनी महिनाभर दुकानात बसून तेरा चौकटच्या आणि तेरा किल्वरच्या पानांना कोपऱ्यात मागून सुई टोचली होती, समोर बारीकसा उंचवटा येईल इतकी. लाल पान आणि टोचलेलं, तर चौकट. लाल आणि सपाट, तर बदाम. काळ्यांचं तसंच. रोज दुपारी डोळे मिटून आईला परीक्षा घ्यायला लावायचे आणि चुकलं की पुन्हा टोचायचे.

आत्यांचा चेहरा कठीण झाला.

"खुणेचे पत्ते," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं तुमच्या खुणा पकडल्या मी. अन् आता माझ्याचसाठी चोरीचा कॅट?"

इतक्या वर्षांत चोरी करताना पकडले गेले तेव्हा बाबा हसले होते, आज चोरी नव्हती तर त्यांचे डोळे भरले. "ताई, ती दिवाळीची जीत मी धरतच नाही," ते म्हणाले. "तुमी येऊन देल्ली ती. मले तुमाले हरवायचं हाये. तुमी बसल्या नाही तर मी कोणाले हरवू?"

आत्या पान हातात धरून बसल्या. आर विझत आला होता. आम्ही सगळे त्या एका अंगठ्याकडे बघत होतो आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा, आत्या, एकदा हो म्हणा.

"हे कोणाकोणाले माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"मले अन् हिले."

"सुधीरले?"

"नाही."

"मंग चोरीच आहे. सुधीर, इकडं ये." त्याचा अंगठा धरून त्यांनी कोपऱ्यावर फिरवला. "कळलं? एक टिंब म्हणजे चौकट, काळ्यात किल्वर. आता चौघांले माहीत झालं." कॅट त्यांनी नीट जुळवून मध्ये ठेवला. "दोघांले माहीत असते ती खूण. चौघांले माहीत असते तो नियम."

आई म्हणाली, पण ताई, मागून भोकं दिसतात बारीक, नीट पाहिलं तर. तुमची पानं आम्हाला कळतील, आमची तुम्हाला नाही कळणार. तुमचंच नुकसान.

"असू द्या. तुमाले डोळे आहे, मले कान आहे. वाटा पत्ते."

मी त्या दिवशीही चहा विसरले. तीन डाव, पहिला त्यांचा, दुसरा आमचा. आत्या अंगठा फिरवून पानं लावायच्या, सावकाश, आणि बाबांनी एकदा घाई केली तर म्हणाल्या, "इवाईबुवा, गाडी सुटून राहिली का?" दुसऱ्या डावात मध्येच थांबून म्हणाल्या, "इहीनबाई, बांगड्या." आईनं जीभ चावली. बाबांनी सवयीनं कानाला हात लावला होता. आत्यांच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा ते हसू आलं, चोर पकडल्याचं, आणि मला रडू फुटलं. मी ते लपवलं नाही.

तिसरा डाव. हुकूम पुन्हा बदाम. दोन मेंढ्या अकोल्याच्या, एक आमची. बाबांनी चौकटचा एक्का उतरवला, सुधीरनं छक्की टाकली, आईनं मेंढी ठेवली. आत्यांच्या हातात चार पानं होती, मी मागे उभी होते, मला दिसत होती. तीन बदामची, एक चौकटची तिर्री. एक्क्यावर फक्त हुकूम चालणार होता. त्यांनी तिर्रीच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. तिथे टिंब होतं. तरी पुन्हा फिरवला, खात्री करायला. मग ती तिर्री त्यांनी मेंढीच्या बाजूला ठेवली.

"आहे माझ्यापाशी रंग," त्या म्हणाल्या.

बाबांनी हात पुढे केला तर आत्यांची तर्जनी त्या चार पानांवर येऊन बसली. "थांबा. माधुरी, पाय. चौकटच आहे ना?"

"चौकटच आहे, आत्या."

बोट उचललं. बाबांनी तिसरी मेंढी घेतली. मला वाटलं होतं, ते पुन्हा गल्लीत धावतील, पण ते जागेवरच बसून राहिले, ती चार पानं छातीशी धरून. आत्या उठल्या, पदर सावरला आणि त्यांना वाकून नमस्कार केला, चिनूला करायच्या तसाच. बाबाही उठले आणि त्यांनीही केला.

आत्या जाऊन आता दोन वर्षं होतील. त्या डावानंतर त्या अंथरुणाला खिळेपर्यंत रविवार चालू होते, त्याच टोचलेल्या कॅटवर, आणि नसीमभाभींचाही अंगठा त्यांनी धरून फिरवून घेतला होता. तो कॅट माझ्याकडे आहे. पण त्या मला आठवतात त्या पौषातल्या परतीच्या बसमध्ये.

अमरावतीची गाडी होती, उन्हं कलायला आली होती. आत्या खिडकीशी, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, बोटं मांडीवर एकेक हात मोजताहेत. मी आणि सुधीर एकमेकांकडे बघत होतो. मूर्तिजापूर आलं, गाडी स्टँडवर थांबली, बोटं थांबली. सुधीरनं नकळत पिशव्या उचलल्या. चिनूनं चपला घातल्या.

आत्यांनी डोळे उघडले नाहीत.

"बसा," त्या म्हणाल्या. "बावन्नच्या बावन्न जुळले."